संवाद उत्तम जमतात, तरी कादंबरी चाळिसाव्या पानावर का संपते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई बरीच वर्षं मराठी मालिकांचे संवाद लिहितात. त्यांच्याकडे एका रोमँटिक कॉमेडी चित्रपटाची पटकथा पडून आहे. निर्माता मिळाला होता, साइनिंगचे थोडे पैसेही आले होते, पण चित्रपट झाला नाही. आता त्याच गोष्टीची कादंबरी करायची म्हणून त्या बसल्या, तर सगळी गोष्ट चाळीस पानांत संपली. ज्या मैत्रिणीनं वाचलं ती म्हणाली, ‘संवाद भारी आहेत गं, पण नाटक वाचल्यासारखं वाटतंय.’ तर पानं का कमी पडतात, मालिकेचं काम सोडून पूर्ण वेळ ह्याला द्यावा का, आणि ती पटकथा वापरता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी पानांचं बोलू. ताई, तुमची गोष्ट छोटी नाही. दोन तासांच्या चित्रपटाची पटकथा ११०-१२० पानांची असते, पण त्यातला निम्मा कागद कोरा असतो. शब्द मोजले तर वीस हजारांच्या आसपास भरतात. सव्वादोनशे पानांच्या मराठी कादंबरीला पन्नास-साठ हजार शब्द लागतात. मधले तीस-चाळीस हजार शब्द पटकथेच्या वेळी दुसऱ्या लोकांकडे होते. तुम्ही ‘मीरा क्षणभर बघत राहते’ एवढं लिहून पुढे गेलात. त्या क्षणाचं काय करायचं ते दिग्दर्शकानं ठरवलं, नटीनं केलं, किती वेळ ठेवायचं ते एडिटरनं पाहिलं आणि बॅकग्राउंडवाल्यानं त्यात सूर भरला. मालिकेत तर कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे. तुमच्या हातात वन-लाइन, म्हणजे प्रत्येक सीनमध्ये काय घडतं त्याची एकेक ओळ, आणि सीनची ऑर्डर येते, तिच्यावर तुम्ही बोलणं चढवता. इतकी वर्षं तुम्ही गोष्टीचा एकच थर लिहिलात आणि फार चांगला लिहिलात. कादंबरीत बाकीचे थरही तुमच्याच वाट्याला येतात.

पानं भरायची म्हटलं की मालिकेतून आलेला लेखक पहिल्यांदा घटना वाढवतो. नायकाची जुनी मैत्रीण परत येते, कुणाला तरी अपघात होतो, अमेरिकेहून आत्या उतरते. चालू कथानकाचा ट्रॅक संपत आला की नवं पात्र आणायचं, ही सवय अंगात मुरलेली असते. तसं करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रोमँटिक कॉमेडीला घटना फार लागत नाहीत. दोन माणसं एकमेकांना आवडतात आणि ते बोलून दाखवू शकत नाहीत, एवढ्यावर अख्खी कादंबरी उभी राहते. मनात एक चाललंय आणि तोंडातून भलतंच बाहेर पडतंय, ह्या दोहोंमधलं अंतर हेच ह्या प्रकाराचं सगळं भांडवल. पडद्यावर ते अंतर नट दाखवतो. कागदावर ते दाखवायचं तर मनात शिरावं लागतं, आणि ती मुभा पटकथेनं आपल्याला कधी दिलीच नव्हती.

एक सीन घेऊन बघू. सांगलीतला लग्नाचा हॉल. ब्रेकअपनंतर आठ महिन्यांनी दोघं जेवणाच्या रांगेत समोरासमोर येतात. पटकथेत हा असा असेल :

तो : कशी आहेस?
ती : मस्त. तू?
तो : मस्त. (पॉज) मठ्ठा छान आहे.

चांगले नट असले तर ह्या तीन ओळींवर थिएटरमध्ये हशा येतो. तो त्या पॉजवर येतो. कादंबरीत ह्याच ओळी अशाच उतरवल्या तर वाचणारा थांबणारसुद्धा नाही. आता हेच बोलणं, एक शब्दही न बदलता, तिच्या निवेदनातून :

“कशी आहेस?” त्यानं विचारलं.

“मस्त,” मी म्हणाले. ह्या भेटीची मी आठ महिने तयारी केली होती. तयारीत माझे केस धुतलेले होते, तो जरा सुटलेला होता आणि माझ्या शेजारी कुणीतरी उंच, अबोल माणूस उभा होता. प्रत्यक्षात शेजारी कुलकर्णीकाकू होत्या आणि जिलबी मोजून वाढतायत का, ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. “तू?”

“मस्त.” सुटलेला नव्हता. उलट जरा बराच दिसत होता. “मठ्ठा छान आहे.”

मी त्याच्या ग्लासाकडे पाहिलं. वर कोथिंबीर तरंगत होती. ह्या माणसानं चार वर्षं माझ्यासमोर पोह्यांवरची कोथिंबीर पान न् पान वेचून बशीच्या कडेला लावली होती, आणि आता त्याचा अर्धा ग्लास रिकामा होता. म्हणजे कुणीतरी त्याला कोथिंबीर खायला लावली होती. मला चार वर्षांत जमलं नाही ते कुणालातरी आठ महिन्यांत जमलं. ती स्वयंपाकाला चांगली असणार. बहुतेक कोल्हापूरची.

बोलणं तेच राहिलं. वाढलं ते तिचं अनुमान, आणि ते साफ चुकीचं आहे. हा माणूस इतका गडबडलाय की आपण काय पितोय ह्याचंही त्याला भान नाही, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. तिला कळत नाही. वाचकाला तिच्यापेक्षा थोडं जास्त दिसतं. म्हणूनच हसू येतं आणि म्हणूनच तिच्याबद्दल माया वाटते. शिवाय ती कोल्हापूरची मुलगी अस्तित्वातच नाही, पण आता तिच्यावर पुढची तीस पानं निघतील. नायिका तिला इन्स्टाग्रामवर शोधेल, भलत्याच मुलीला ‘तीच ती’ ठरवेल, तिच्याशी ओळख काढेल. एकही नवा ट्रॅक न आणता गोष्ट वाढली.

आणखी एक बघा. पडद्यावर ही कोथिंबीर दाखवायची तर आधी कुठेतरी पोह्यांचा सीन पेरावा लागेल, मग इथे ग्लासाचा क्लोजअप घ्यावा लागेल, आणि तरी अर्ध्या प्रेक्षकांच्या ते लक्षात राहणार नाही. कादंबरीत चार वर्षं एका वाक्यात आली. पटकथेला कायम वर्तमानकाळ असतो : ती येते, तो उठतो, दार लागतं. त्यामुळे भूतकाळाकडे जायचं म्हणजे फ्लॅशबॅकचा वेगळा सीन, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तुमच्या चाळीस पानांत तसे फ्लॅशबॅक असतील तर ते काढा आणि त्यातलं जे खरंच हवं आहे ते चालू प्रसंगाच्या पोटात एखाद्या वाक्यानं घाला.

ह्या वाटेनं गेलेल्यांत मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटलेला लेखक म्हणजे इंग्लंडचा डेव्हिड निकोल्स. जन्म १९६६. ब्रिस्टल विद्यापीठात नाटक आणि इंग्रजीचं शिक्षण, मग बरीच वर्षं नट म्हणून धडपड. पुढे तो लिहायला लागला आणि ‘कोल्ड फीट’ ह्या तिकडे गाजलेल्या मालिकेच्या तिसऱ्या पर्वाचे भाग त्यानं लिहिले. २००२ मध्ये बीबीसीवर त्याची स्वतःची मालिका आली, ‘रेस्क्यू मी’. दुसऱ्या पर्वाचे काही भाग लिहून तयार असताना ते पर्वच रद्द झालं. लिहून झालेले एपिसोड असे हवेत विरून जातात तेव्हा काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो कादंबरीकडे वळला आणि २००३ मध्ये ‘स्टार्टर फॉर टेन’ आली. विद्यापीठात नवा आलेला ब्रायन टीव्हीवरच्या क्विझच्या टीममध्ये शिरायला धडपडतो आणि टीममधल्या सुंदर मुलीच्या प्रेमात पडतो, अशी गोष्ट. ती ब्रायनच सांगतो. त्याला वाटतं आपण फार छाप पाडतोय. आपल्याला दिसतं की त्याचं सगळं उलटं पडतंय आणि त्याच्यासाठी योग्य मुलगी भलतीकडेच उभी आहे. दहा-बारा वर्षं नाटका-मालिकांत वावरलेल्या माणसानं पहिल्याच कादंबरीत पडद्यावर सहज न जमणारी गोष्ट उचलली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याची ‘वन डे’ (२००९) तुम्ही जरूर वाचा, पण वाचक म्हणून एकदा आणि कारागीर म्हणून पुन्हा. एमा आणि डेक्स्टर १९८८ मध्ये पदवी मिळाल्यावर एडिंबरामध्ये एक रात्र बरोबर असतात, आणि मग वीस वर्षं दर १५ जुलैला ते कुठे आहेत, काय करताहेत, एवढंच आपल्याला दाखवलं जातं. ही कल्पना पक्क्या पटकथाकाराची आहे. मधलं सगळं कापलंय. वर्षभरात काय घडलं ते वाचकानं उरलेल्या खुणांवरून ओळखायचं. पण त्या चौकटीच्या आत तो जे करतो ते कादंबरीकाराचं काम आहे. एका वर्षी डेक्स्टर मुंबईत असतो. तिथून तो एमाला लांबलचक पत्र लिहितो, ‘इकडे ये’ म्हणून, आणि ते पत्र एका बारमध्ये राहून जातं. एमाला ते कधीच मिळत नाही. आपण मात्र ते पूर्ण वाचलेलं असतं. पुढची कित्येक प्रकरणं आपण ते पत्र मनात घेऊन वाचतो. ह्यापेक्षा मोठी कलाटणी त्याला लागत नाही.

त्याच कादंबरीचा चित्रपट २०११ मध्ये आला आणि पटकथा त्याचीच होती. दोन तासांहून कमी वेळात वीस वर्षं म्हटल्यावर एकेका १५ जुलैच्या वाट्याला पाचेक मिनिटं येतात. मला तो घाईचा वाटला. माणसं वयानं वाढली, पण मनानं कशी बदलली ते निसटलं. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सनं त्याची चौदा भागांची मालिका केली, तिची मुख्य लेखिका निकोल टेलर. तिथे गोष्टीला श्वास घ्यायला जागा मिळाली. एकच गोष्ट ह्या तिन्ही रूपांत ओळीनं पाहिलीत तर पडद्यावर काय उतरतं आणि कागदाला काय धरून राहतं, हे कुठल्याही कार्यशाळेपेक्षा जास्त कळेल.

आता आवाजाचं, कारण तुमच्या मैत्रिणीला खटकलं ते बहुतेक इथलं आहे. संवाद सोडून उरलेली तुमची वाक्यं ‘मीरा दार उघडते. समोर रोहन. ती चपापते’ अशा सुरात असणार. ती सूचना आहे, नटासाठी लिहिलेली. निवेदन कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं असतं. तेव्हा दुसरं काहीही करण्याआधी, ही गोष्ट कोण सांगतंय, ते ठरवा. आपल्याकडे चिं. वि. जोशींचा चिमणराव स्वतःच्या तोंडानं स्वतःची फजिती सांगतो आणि त्याला जे कळत नाही ते आपल्याला कळतं. विनोदाचा हा प्रथमपुरुषी आवाज मराठीत जुना आहे आणि वाचकाच्या कानात बसलेला आहे. प्रेमकथेची घट्ट बांधणी ना. सी. फडक्यांनी घालून दिली. ह्या दोघांना एका पुस्तकात आणण्याचं काम आपल्याकडे अजून भरपूर शिल्लक आहे, आणि ते तुमच्यासारख्या बोलण्याचा कान असलेल्या लेखकांनी करावं असं मला मनापासून वाटतं.

इथे एक धोका हमखास असतो. मालिकेत ‘काय यार आई, तू पण ना’ असं सहज लिहिणारा लेखक कादंबरी म्हटलं की एकदम भारदस्त होतो. ‘तिच्या अंतःकरणात कालवाकालव झाली’ असली वाक्यं यायला लागतात. संवाद २०२५ चे आणि निवेदन १९५० चं, असं पान तयार होतं. ह्यावर मी वापरतो तो उपाय सांगतो. नायिकेनं आपल्या जिवलग मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर लांब व्हॉइस नोट पाठवलीय असं समजून तिच्या आवाजात फोनवर बोला. एखादा प्रसंग सांगा, मध्ये भरकटा, कुणाची तरी नक्कल करा. मग ते ऐकून जसंच्या तसं कागदावर उतरवा. त्यातला निम्मा मजकूर फेकून द्यावा लागतो, पण वाक्याची ठेवण सापडते. ती सापडली की लिहिताना तिच्याबाहेर जायचं नाही.

ते दोघं एकत्र का येत नाहीत, ह्याचं उत्तरही तपासा. मालिकेत अडसर बाहेरून येतो आणि टीआरपी असेपर्यंत टिकतो : चोरून ऐकणारी काकू, फाडलेली चिठ्ठी, अर्धवट ऐकलेलं वाक्य. कादंबरीचा वाचक ‘अरे, एक फोन कर ना’ म्हणतो आणि पुस्तक मिटतो. अडसर त्या दोघांच्या स्वभावात आणि परिस्थितीत खोल गेलेला हवा. ती घटस्फोटित आहे आणि पुन्हा कुणाच्या आईला ‘आई’ म्हणायची तिची तयारी नाही. त्याच्या फ्लॅटचा हप्ता त्याच्या निम्म्या पगाराहून जास्त आहे आणि हे सांगायची त्याला लाज वाटते. आणि जातीचं. आडनाव टाळून लिहिलेली मराठी प्रेमकथा मला खोटी वाटते. घरच्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असता, हे प्रत्येक वाचकाला ठाऊक असतं. त्याच्याकडे डोळेझाक करून हलकंफुलकं लिहिता येत नाही. त्याच्याकडे सरळ बघितलं तर त्यातूनही फार चांगला विनोद निघतो.

मालिकेचं सगळंच टाकून द्यायचं नाही. सीनमध्ये उशिरा शिरायचं आणि लवकर बाहेर पडायचं, ही शिस्त कादंबरीकारांना वर्षानुवर्षं येत नाही. तुम्हाला ती येते. प्रकरण कुठे तोडायचं ते तुम्हाला कळतं. चॅनेलच्या सूचना आल्या की न रुसता पुन्हा लिहिण्याची सवय तर सोन्यासारखी आहे. फक्त एक सवय सोडा. काल एपिसोड चुकलेल्या प्रेक्षकासाठी आपण प्रत्येक गोष्ट तीनदा सांगतो. वाचकाचं काही चुकलेलं नसतं. पहिल्या खर्ड्यात जिथे जिथे कुणी आधी घडलेलं पुन्हा बोलून दाखवतंय, तिथे लाल पेन चालवा.

काम सोडायचं का? नको. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती साधारण हजार प्रतींची धरा, किंमत तीनशे रुपये, मानधन दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर तीस हजार रुपये, आणि तेही वर्ष-दोन वर्षांत मिळून. निकोल्ससारख्या जगभर खपणाऱ्या लेखकानंही पडदा सोडला नाही. २०१५ मध्ये त्यानं लिहिलेला, थॉमस हार्डीच्या कादंबरीवरचा चित्रपट आला आणि ‘पॅट्रिक मेलरोज’ ह्या मालिकेसाठी त्याला २०१९ मध्ये बाफ्टा हा ब्रिटनमधला मोठा पुरस्कार मिळाला. तुम्ही डेली सोपचे संवाद लिहीत असाल तर मात्र त्याच दिवशी कादंबरीचं पान लिहू नका. संध्याकाळपर्यंत कान त्या पात्रांनी भरलेला असतो आणि तुमची नायिका मालिकेतल्या सुनेसारखी बोलायला लागते. आगाऊ तयार एपिसोडची बँक हाताशी असते ते दिवस, किंवा दोन मालिकांच्या मधली फट, ह्यांत सलग बसा. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप २०१७ मध्ये भारतात आल्यापासून मराठीत खास ऐकण्यासाठी मालिका लिहून घेतल्या जाऊ लागल्या. तिथे एपिसोडची सवय कामी येते आणि निवेदनाचा सरावही होतो, म्हणून मधला टप्पा म्हणून ते काम मला चांगलं वाटतं.

आणि थेट कादंबरीवर जाण्याआधी एक दीर्घकथा लिहा, पाच-सहा हजार शब्दांची. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी लेखकाला हात साफ करायला ही एक जागा आहे, आणि ती अजून जिवंत आहे. संपादक उन्हाळ्यापासून मजकूर गोळा करायला लागतात, तेव्हा मे-जूनमध्ये कथा हातावेगळी झालेली बरी. तुमच्या गोष्टीतलं एकच प्रकरण, तो लग्नाचा हॉल किंवा तुमच्याकडे जे असेल ते, त्या आवाजात पूर्ण करा. ती कथा छापून आली की आवाज टिकतो की नाही हे अनोळखी वाचकांकडून कळेल.

आता ती पटकथा. आधी करार शोधून काढा आणि हक्कांचं कलम शांतपणे वाचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क किती काळासाठी दिले ते लिहिलेलं नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. ज्यानं हक्क घेतले त्यानं वर्षभरात ते वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही नसेल तर, ते हक्क संपतात. पण निर्मात्यांचे करार नेमके ह्या ‘वेगळं काही’साठीच लिहिलेले असतात : कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत. तसं असेल तर कादंबरीचा हक्कही त्यात गेलेला असू शकतो. २०१२ च्या दुरुस्तीनं लेखकाचा रॉयल्टीचा हक्क राखला, पण म्हणून कादंबरी लिहायची मोकळीक आपोआप मिळत नाही. मूळ कल्पना निर्मात्याची असेल तर त्या गोष्टीचा नाद सोडा आणि नवी लिहा. कल्पना तुमची असेल तर त्यांच्याकडून ‘कादंबरी लिहिण्यास व प्रसिद्ध करण्यास हरकत नाही’ असं लेखी पत्र घ्या. फोनवरचं ‘लिहा की, कोण अडवतंय’ पुरत नाही. स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या सदस्य असाल तर तिथे कायदेशीर सल्ला मिळतो. करार घेऊन जा, आणि पटकथा रजिस्टर केली होती त्याचा कागदही बरोबर ठेवा.

हीच काळजी प्रकाशकाच्या करारातही घ्या. छापील मराठी पुस्तकाचे हक्क त्यांना द्या. चित्रपट, वेब सिरीज, ऑडिओ आणि भाषांतर ह्यांचे हक्क तुमच्याकडे राहतात असं वेगळं कलम करारात आहे का ते बघा. नसेल तर सही करण्याआधी घालून मागा.